तलावाखालचं गाव

मँचेस्टरच्या बहिणीकडे गेलो होतो, तिथून उत्तर वेल्समधल्या बाला गावाजवळच्या त्रवेरिन खोऱ्यात. लोक येतात राफ्टिंगसाठी. उन्हाळ्यात इतर नद्या रोडावल्या, तरी इथे धरणातून पाणी सोडतात, त्यामुळे नदी खळाळत असते. आम्हीही चिंब भिजलो, मुलं ओरडून दमली.

मग वर केलिन तलावावर गेलो. त्याच्या तळाशी कापेल केलिन गाव आहे. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून 1957 साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. एकाही वेल्श खासदाराने बाजूने मत दिलं नाही, तरीही 1965 पर्यंत शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनाघर, शेतं, सारं गेलं. काही कबरी हलवल्या, बाकीच्या काँक्रीटखाली झाकल्या. गावात घरोघरी वेल्शच बोलत. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आम्हाला ती शाळाच जास्त लागली. पटावरची मुलं पांगली की भाषेचं काय होतं, हे आम्ही आमच्या वर्गांत पाहतोच.

लिव्हरपूल नगर परिषदेने माफी मागितली ती 2005 मध्ये. चाळीस वर्षांनी!

जाणार असाल तर तलाव आधी पाहा, राफ्टिंग नंतर. ओल्या कपड्यांनी त्या काठावर फार वेळ उभं राहवत नाही.