बंद होणारी बोट आणि आजोबांचे हृदय

दरवर्षी मार्च-एप्रिल आला, की दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांची एक वेगळी गर्दी सुरू होते. त्यांना नवा आजार झालेला नसतो. त्यांना हवी असते सहा महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक, नातवंडांना जूनपासून सुट्टी, आणि त्या सुट्टीत फ्लोरिडातील ऑरलँडोची सहल आधीच ठरलेली. डिस्नेच्या बागा म्हणजे मुलांचे खेळणे, अशी आपली समजूत असते. परंतु त्या सहलीत आजी-आजोबाही असतात आणि सर्वांत जास्त दमतात तेही तेच.

वाचकहो, यंदा जर अशी सहल आपल्या घरी ठरत असेल, तर एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. या बागांत सध्या मोठी मोडतोड आणि नवी बांधकामे चालू आहेत. जुन्या राईड कायमच्या बंद होत आहेत, काही दुरुस्तीसाठी थांबल्या आहेत. वरवर पाहता हा मनोरंजनाचा विषय वाटेल. माझ्या अनुभवात मात्र त्याचा संबंध थेट हृदयाशी, गुडघ्यांशी आणि साखरेशी येतो.

गेल्या वर्षीचे एक उदाहरण सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ मे महिन्यात माझ्याकडे आले. मधुमेह आणि रक्तदाब जुने. जूनच्या मध्याची तिकिटे काढलेली होती. काही वर्षांपूर्वी ते पत्नीसह ऑरलँडोच्या मॅजिक किंगडममध्ये गेले होते. तिथे एका कृत्रिम नदीत मोठ्या चाकाची जुन्या धाटणीची बोट फिरत असे. त्या बोटीच्या कठड्याशी उभे राहून दोघांनी काढलेले छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे. पत्नी आता हयात नाहीत. ती बोट ६ जुलै २०२५ नंतर कायमची बंद होणार, हे मुलाने कळवले होते. म्हणूनच जूनची तिकिटे. नातवाला घेऊन त्यांना एकदा त्याच कठड्याशी उभे राहायचे होते.

औषधांची चिठ्ठी लिहिता लिहिता मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘जिना चढताना काही त्रास?’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘धाप लागते थोडी. छाती भरून येते. पण डॉक्टर, हे मुलाला कळवू नका. तो तिकिटे रद्द करेल.’

ते मी करू शकत नव्हतो. म्हणजे मुलाला त्यांच्या परवानगीशिवाय कळवणे मला शक्य नव्हते, आणि तपासणीशिवाय त्यांना जाऊ देणेही शक्य नव्हते. अर्धा तास समजावल्यावर ते हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. अँजिओग्राफीत एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली, आणि प्रवास पुढे ढकलावा लागला. दरम्यान बोट बंद झाली. ऑगस्टमध्ये तपासणीला आले तेव्हा ते मला म्हणाले, ‘जीव वाचला हे खरे, पण माझी बोट चुकली, डॉक्टर.’ मी त्यावर काही बोललो नाही. त्यांचे दुःख खोटे नव्हते.

काय बंद होत आहे, आणि ते ज्येष्ठांना का महत्त्वाचे

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. तिथली ती नदी, तीतील बोट आणि मधले टॉम सॉयर बेट ही सर्व जागा आता ‘कार्स’ या चित्रपटावर आधारित नव्या विभागासाठी दिली गेली आहे. हॉलिवूड स्टुडिओज या बागेतील मपेट बाहुल्यांचा त्रिमिती खेळ १९९१ पासून चालू होता. ७ जून २०२५ हा त्याचा अखेरचा दिवस ठरला. ॲनिमल किंगडममधील ‘डायनोसॉर’ या राईडचा अखेरचा दिवस १ फेब्रुवारी २०२६ हा होता. हॉलिवूड स्टुडिओजमधील वेगवान ‘रॉक अँड रोलर कोस्टर’ नव्या, मपेटांच्या रूपात आणण्यासाठी मार्च २०२६ च्या आरंभी थांबवण्यात आली. ‘बिग थंडर माउंटन’ जानेवारी २०२५ मध्ये आणि ‘बझ लाइटइयर’ ऑगस्ट २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाल्या होत्या, आणि दोन्ही २०२६ मध्ये पुन्हा सुरू होतील असे जाहीर झाले होते.

ही यादी तरुणांच्या दृष्टीने वाचली तर त्यात काही राईड गेल्या, काही नव्या येतील, एवढेच दिसते. ज्येष्ठांच्या दृष्टीने वाचा. बोट म्हणजे सावलीत, वाऱ्यावर, संथ गतीने जाणारी काही मिनिटे. मपेटांचा खेळ म्हणजे थंड सभागृहातील खुर्ची. टॉम सॉयर बेट म्हणजे नातवंडे बागडत असताना झाडाखाली टेकण्याची जागा. या तिन्ही विसाव्याच्या जागा होत्या आणि त्या तिन्ही गेल्या. याउलट ‘डायनोसॉर’ ही अंधारात गचके देणारी राईड होती. पाठीचे मणके ठिसूळ झालेल्या कोणालाही मी तीत बसण्याचा सल्ला दिला नसता.

जुनी जागा बंद झाल्याची हुरहुर आपल्यालाही परकी नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांनी आपली मुले तिथे नेली होती. म्हणूनच ‘शेवटचा दिवस’ हे शब्द वाचले, की मन घाई करते. त्या घाईत आपण शरीराची तक्रार दडवतो. हीच माझी मुख्य चिंता आहे.

त्या एका दिवसात शरीरावर काय येते

या बागांत दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. ऑरलँडोत जून ते सप्टेंबर दुपारचे तापमान बत्तीस-तेहतीस अंशांपर्यंत जाते, आणि दमटपणा आपल्या कोकणासारखा असतो. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात आणि सगळी गर्दी छपराखाली शिरते.

रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि क्षार अशा उष्म्यात लवकर कमी होतात. उठून उभे राहताच भोवळ येते. त्यात एक सवय आपण मान्य केली पाहिजे. पुरुष प्रोस्टेटच्या त्रासामुळे आणि स्त्रिया स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून पाणी पिणेच टाळतात. तिथे असे करू नये. स्वच्छतागृहे मुबलक व स्वच्छ आहेत, आणि जिथे यंत्रातून शीतपेये देतात त्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर पाण्याचा पेला मागितल्यास विनामूल्य मिळतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली आहे, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

मधुमेहींना वाटते, सहलीत गोड खाल्ले जाईल आणि साखर वाढेल. प्रत्यक्षात धोका उलट बाजूनेही असतो. सकाळची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले, चालणे नेहमीच्या तिप्पट, आणि रांगेमुळे जेवण दोन तास लांबलेले. अशा वेळी साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे गर्दीत ‘दमलेत’ म्हणून सोडून दिली जातात. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्या.

निघण्यापूर्वी

किमान दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. तिकिटे काढल्यावर नव्हे, काढण्यापूर्वी भेटणे उत्तम. चालताना धाप, छातीवर दाब, चक्कर, पायांवर सूज यांतले काहीही असेल, तर ते लहान वाटले तरी सांगावे. अलीकडे मोतीबिंदूची किंवा अन्य शस्त्रक्रिया झाली असल्यास, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, पेसमेकर असल्यास तेही सांगावे.

औषधे हातातील बॅगेत, मूळ वेष्टनात आणि औषधांच्या रासायनिक नावांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. आपल्याकडील कंपनीची नावे तिथे कोणाला कळत नाहीत. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे अकरा. इन्सुलिनच्या वेळा म्हणून आधीच लिहून घ्याव्यात. पोहोचल्यावर निदान चार-पाच दिवस झोप स्थिरावू द्यावी, मग बागेचा दिवस ठरवावा. प्रवास विमा घेताना जुन्या आजारांबाबतची अट शब्दशः वाचावी.

बागेत गेल्यावर

सोबतच्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना माझी विनंती आहे. आदल्या रात्री बागेच्या अधिकृत ॲपवर कोणत्या राईड बंद आहेत ते पाहा आणि त्याच वेळी बसण्याच्या जागांचीही यादी करा. दर दीड-दोन तासांनी एक थंड, बसून पाहण्याचा कार्यक्रम असावा. मॅजिक किंगडममध्ये ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’, अस्वलांच्या गाण्यांचा खेळ आणि मिकीचा त्रिमिती खेळ आहे. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची संथ बोटही आहे. एपकॉट बागेत ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही बोट काचगृहांतील भाज्या आणि फळझाडांमधून फिरते. शेतीची ओढ असलेल्या आजोबांना ती फार आवडते.

संथ राईडही नीट पारखून घ्यावी. ‘पीपलमूव्हर’ची गती सौम्य आहे, परंतु तीत सरकत्या पट्ट्यावरून चढावे लागते आणि व्हीलचेअरवरून उठून चालता येणे आवश्यक असते. तोल जाणाऱ्यांनी ती टाळावी. राईडच्या तोंडाशी रक्तदाब, हृदय, पाठ आणि मान यांविषयीची सूचना लावलेली असते. ती आपल्यासाठीच लिहिलेली आहे असे समजावे.

व्हीलचेअरबद्दल आपल्या मनात अढी असते. ‘मी अजून चालू शकतो,’ असे प्रत्येक जण म्हणतो. घरात, अंगणात चालणे वेगळे आणि आठ किलोमीटर वेगळे. ती प्रवेशद्वाराशी भाड्याने मिळते. वाटेल तेव्हा उठून चालावे, थकल्यावर बसावे. मात्र एक गैरसमज नसावा. मे २०२४ पासून तिथल्या डिस्ने बागांनी रांगेबाहेर थांबण्याची विशेष सवलत मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली आहे. गुडघेदुखी किंवा मधुमेहासाठी ती मिळेल असे गृहीत धरू नये. व्हीलचेअर बहुतेक रांगांतून नेता येते; त्यामुळे उभे राहणे वाचते, थांबणे वाचत नाही.

चारही बागांत प्रथमोपचार केंद्र आहे. बागेत शिरताच ते नकाशावर पाहून ठेवा. इन्सुलिन थंड ठेवण्याचीही तिथे सोय होऊ शकते. छातीत दुखू लागले, दरदरून घाम आला, बोलणे अडखळले किंवा उष्म्यात माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ‘थोडे बसा, बरे वाटेल’ म्हणत वाट पाहू नका. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा किंवा ९११ क्रमांक लावा.

आणि ज्येष्ठहो, आपल्याला दोन शब्द. ‘मी इथे बसतो, तुम्ही जाऊन या,’ हे वाक्य मोकळेपणाने म्हणायला शिका. त्यात कमीपणा नाही. कोणाच्या आनंदात विघ्न नको म्हणून त्रास लपवणारे आजोबा शेवटी सगळ्यांचाच दिवस रुग्णालयात घालवतात.

ते गृहस्थ ऑक्टोबरमध्ये हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने ऑरलँडोला जाऊन आले. या वेळी मुलाला त्यांनी सर्व काही स्वतः सांगितले होते. नदी होती त्या बाजूला बांधकाम चालू होते. ते तिकडे गेले नाहीत. एपकॉटमधील काचगृहाच्या बोटीत नातवाशेजारी बसून काढलेले छायाचित्र त्यांनी मला मोबाइलवर दाखवले. नातू एका प्रचंड भोपळ्याकडे बोट दाखवत होता. ‘व्हीलचेअर घेतली होती,’ ते म्हणाले, ‘अर्धा वेळ त्यात नातूच बसला.’ मग त्यांनी बाही वर केली. मी रक्तदाब पाहिला; तो व्यवस्थित होता.