ठाऊक असलेल्या शेवटाची गंमत

कौटुंबिक विनोदी मालिकेत भाग संपताना घर होतं तसं परत जागेवर यावं लागतं. रुसलेली सून स्वयंपाकघरात परतते, गेलेली नोकरी परत मिळते आणि पुढच्या आठवड्यात त्या घोटाळ्याची कुणाला आठवणही नसते. 'अल्फा टीव्ही मराठी'वर २००१ मध्ये सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' हे याचं मराठीतलं ठळक उदाहरण. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर बेतलेली ही मालिका केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केली. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका एवढंच घर. यांचे स्वभाव बदलत नाहीत आणि तेच लेखकाचं भांडवल असतं. एखादा आगंतुक पाहुणा आला की पुरे, पुढचं स्वभावच घडवतात.

सर्वांत जुनी युक्ती अर्धवट कानावर पडलेल्या वाक्याची. सून पोचे पडलेली पातेली बाहेर काढत म्हणते, "आता ह्यांना घरात ठेवून काय करायचं?" दाराआड आजोबा. ते काही न विचारता पिशवी भरायला घेतात. विचारलं असतं तर गोष्ट तिथेच आटोपली असती, म्हणून या घरांत वेळेवर कुणी काही विचारत नाही. दरम्यान नातवाचं एक छोटं उपकथानक चालू असतं. शेवटी दोन्ही धागे दिवाणखान्यातच एकत्र येतात.

दिवाणखान्याचीही रीत ठरलेली. जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी, कारण तिथे कॅमेरा. अमेरिकेत १९५१ मध्ये आलेल्या 'आय लव्ह ल्युसी'चं चित्रण तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून होई. नाटकासारखी ही मांडणी तिथूनच रुळली.

शेवट ठाऊक असूनही ऐकण्याची गोडी मात्र मराठी माणसाला टीव्हीने लावलेली नाही. बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. बारामती-इंदापूरकडच्या देवळात आख्यानाला बसलेल्याला सीता परत येणार हे ठाऊकच असतं. बुवा ते कसं रंगवतात, हे ऐकायला तो येतो. नारदीय कीर्तनात आख्यान संपलं की बुवा पूर्वरंगातल्या, म्हणजे सुरुवातीच्या निरूपणातल्या, मूळ पदावर परततात. टिपऱ्यांकडे ते काम आबांची रोजनिशी करते.

रोजच्या मालिकांनी हे परतणंच सोडलं. तिथे दाराआडचं अर्धं वाक्य तीन महिने पुरतं. परतण्याची ही रीत टिपऱ्यांच्याही आधीची: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आठवड्याच्या आठवड्याला फजित होत होते. आबा साकारणारे प्रभावळकरच ते चिमणराव.