लेकरासाठी तट्टू घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्गशीर्ष उजाडला, की मला एक ठरलेला फोन येतो. "डॉक्टर, सारंगखेड्याला जायचं म्हणतोय. पोरगं घोड्यासाठी हटून बसलंय. लहानसं, स्वस्तातलं तट्टू मिळेल का?" फोन करणारा कधी शेतकरी असतो, कधी शाळामास्तर, तर कधी गावाकडे नुकतीच चार एकर जमीन घेतलेला पुण्याचा नोकरदार. मी जनावरांचा डॉक्टर, तेव्हा मला घोड्यातलं सगळं कळत असणार, असा या मंडळींचा समज. तो कितपत खरा आहे, ते आज सांगतो. माझ्या स्वतःच्या मुलीसाठी तट्टू घेताना मी सपशेल फसलो होतो. बरं, मला कुणी फसवलंही नव्हतं. माझं मीच करून घेतलं होतं.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठावरचं गाव. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात, कुठून कुठून जनावरं येतात. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आणि दिवाळीच्या सुमारास अकलूजलाही घोड्यांचे बाजार भरतात. पण सारंगखेड्याचा थाट वेगळा. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला घेऊन गेलो. दुसऱ्याच रांगेत एक पांढरंशुभ्र शिंगरू उभं होतं. गुलाबी नाकाडं, पन्नास इंच उंची, गळ्यात घुंगरांची माळ. तोंड उघडून पाहिलं, तर पुढचे मधले दात तेवढे कायमचे आलेले, कडेचे दुधाचे. म्हणजे वय तीन वर्षं. मी मनाशी म्हटलं, मुलगी नऊची, घोडा तीनचा, दोघं बरोबरीनं मोठी होतील. किमतीतही बसत होतं. विसार दिला.

घरी आणल्यावर महिनाभरात बांधावरून प्लॅस्टिकची एक पिशवी उडाली. शिंगरू उधळलं. मुलगी पडली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण पुढचं वर्षभर ती गोठ्याकडे फिरकली नाही. शिंगरू मी वरातीच्या घोडेवाल्याला विकलं. नंतर एका लग्नात ते मला दिसलं. बँडचा कल्लोळ, डोक्यावर दिव्यांची माळ घेतलेली माणसं, आणि त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग बाहेर आलेला. त्या जनावराचा काही दोष नव्हता. तीन वर्षांच्या घोड्याला जग ठाऊक नसतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला घोडा. दोन्ही अजाण जीव मी एकमेकांच्या हवाली केले होते.

आता या बाजारात भाव कशाला मिळतो, ते पाहा. लग्नाच्या वरातीवाल्याला पांढरा रंग हवा. नाचकाम करवून घेणाऱ्याला उमदा, तरणा घोडा हवा. हौशी बागायतदाराला उंची हवी. घोड्याच्या बाजारात उंची इंचांत बोलली जाते आणि साठीच्या पुढच्या एकेका इंचाला मोल असतं. कुणाला रेवाल चाल हवी, म्हणजे स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये अशी. शिवाय सगळ्यांनाच शुभलक्षणं हवीत. चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं, की तो पंचकल्याणी. गळ्यावर देवमणीचा भोवरा असला, की मालकाची मान ताठ. उलट डोळ्याखाली भोवरा असला, की तो अश्रू ढाळणारा म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकतं. कोटीच्या किमती सांगितलेल्या घोड्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, ते या सगळ्या गोष्टी एकत्र आल्यावर.

आता सांगा, यातलं तुमच्या लेकराला काय हवंय? रंग नको, साठ इंच तर नकोतच, आणि तारुण्यही नको. चढाओढ ज्या गोष्टींसाठी चालते, त्या आपल्याला नकोच आहेत. पण बाप बाजारात शिरला, की त्याची नजरही तिथेच जाते. घोडं पेंड खातं ते इथेच. तपकिरी रंगाची, पंधरा वर्षांची, डोळ्याखाली भोवरा असलेली, बुटकी घोडी कुणी बघत नाही. भोवरा म्हणजे केसांचं वळण, त्याचा स्वभावाशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्यांच्या समजुतीमुळे भाव उतरत असेल, तर तो फायदा आपण का सोडावा?

वयाचं ऐकून पुष्कळजण बिचकतात. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो, लहान चणीची तट्टं त्याहून जास्त. बारा-पंधरा वर्षांचं तट्टू मुलाला शाळा संपेपर्यंत साथ देऊ शकतं. वय ओळखायला दात पाहायचे. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून सगळे कायमचे येतात, तिथवर काम सोपं. पुढे वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी कडेचा दात पाहावा. त्याच्यावर हिरडीपासून खाली उतरणारी एक तपकिरी रेघ साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यावर येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. हा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरायची. दात घासून, रंगवून वय चोरणारेही असतात.

वजनाचा हिशेब मात्र करायचाच. स्वार आणि खोगीर मिळून तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. दोनशे किलोच्या तट्टावर खोगिरासह चाळीस किलो. तुमचं दहा वर्षांचं पोरगं यात बसतं. तुम्ही बसत नाही. "जरा मी चक्कर मारून बघतो" म्हणणाऱ्या ऐंशी किलोच्या वडिलांना मी अनेकदा खाली उतरवलं आहे.

परीक्षेला दोन खेपा कराव्यात. पहिली सांगून, दुसरी न सांगता. सांगून गेलात, की जनावर आधीच पळवून दमवलेलं असू शकतं, क्वचित गुंगीचं औषधही दिलेलं असतं. अवचित गेलात, की ते खरं कसं आहे ते दिसतं. मोकळं असलेलं धरू देतं का, लगाम घालताना मान वर करतं का, चारी पाय उचलू देतं का, हे मालकाला करायला लावून आपण गप्प उभं राहावं. मग कडक जमिनीवर त्याला दुडक्या चालीनं पळवायला सांगावं. पुढचा पाय दुखरा असेल, तर तो टेकताना मान वर उडते. पाठीवर हात फिरवावा. गडद अंगावर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथे कधीकाळी जखमा होत्या असं समजावं. जुन्या, भरलेल्या असतील तर त्यानं बिघडत नाही. हात लावताच कातडी थरथरली तर मात्र बिघडतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी मालकाच्या घरातलं मूल त्यावर बसू दे. मालक जर म्हणाला, "आमची पोरं नाही बसत, पण तुमचं बसवा," तर नमस्कार करून निघावं. मूल बसल्यावर तट्टाला त्याच्या सोबत्यांपासून शंभर पावलं दूर न्यायला सांगा. कळप सोडताना जे अडतं, फिरकी मारतं, ते अनुभवी स्वारासाठी असेल, लेकरासाठी नाही.

मग असं जनावर मिळतं कुठे? बाजारात फार कमी, हेच खरं. गुणी तट्टू हे ज्याच्या घरचं असतं, त्याच्या रोजच्या कामाचं असतं, तो ते यात्रेला कशाला नेईल? ते ओळखीनं मिळतं, आणि वेळ साधली तर मिळतं. वरातीवाल्यांचा धंदा तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, घोडे नुसते उभे राहून खातात. थंड हवेच्या ठिकाणी पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावतं. त्या दिवसांत मालक बोलायला मोकळा असतो. फिरवण्याच्या घोड्यांना नवशिक्यांची सवय असते, हा मोठा गुण. पण वर्षानुवर्षं दगडी वाटा तुडवून पाय आणि गुडघे झिजलेले असतात, आणि लगाम ओढून ओढून तोंड दगडासारखं झालेलं असतं. तिथे डॉक्टर बरोबर हवाच.

माझं मन विचाराल, तर मी मेंढपाळ धनगरांच्या तट्टाकडे बघेन. फलटण, माण, बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. त्यांचं सगळं बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असतं. भांडी, वाघर, कोंबड्या, आणि सगळ्यात वर एखादं लेकरू. कुत्री, मेंढरं, रस्त्यावरचे ट्रक, पाऊस, काही म्हणून त्या तट्टाला नवं नसतं. ही भीमथडी तट्टं. मराठी फौजांची दौड एके काळी यांच्यावरच चालली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून आता नोंदली गेली आहे. जात नोंदल्यावर हौशी लोकांची नजर तिकडेही वळेल आणि भाव चढेल, ही मला धास्ती आहे.

विकत घेणंच भाग आहे असंही नाही. शेळी-गाय अर्धलीनं सांभाळायची रीत आपल्याकडे जुनी आहे. घोडी अर्धलीनं घ्या, शिंगरू झालं तर वाटून घ्या. पहिल्या वर्षी हेच बरं. पोराची हौस दोन महिन्यांत फिटली, तर जनावर आपल्या घरी परत जातं.

किमतीचं बोलायचं, तर खरेदीची रक्कम ही सुरुवात असते. दोनशे किलोच्या तट्टाला रोज चार-पाच किलो सुका चारा लागतो, म्हणजे वर्षाला दीड टनाच्या वर. आपल्या गावच्या गवता-कडब्याच्या भावानं गुणून बघा. वर मूठभर भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा. मूठभरच म्हणतोय. लाडानं धान्य जास्त घातलं, की तट्टाच्या खुरांना सूज येते आणि ते उभं राहीनासं होतं. बुरसटलेला कडबा तर बिलकूल नको, पोटशुळानं घोडा रातोरात जातो. दर सहा-सात आठवड्यांनी खूर कापायला नालबंद हवा, आणि नालबंद आता जिल्ह्यात शोधावे लागतात. तुमच्या गावापासून नालबंद किती लांब आहे, हे तट्टू बघायला जाण्याआधी विचारा. धनुर्वाताची लस दरवर्षी. आणि पैसे देण्याआधी सरकारी दवाखान्यामार्फत रक्त तपासून घ्या, विशेषतः ग्लँडर्ससाठी. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्याच्यावर लस नाही, आणि बाधित जनावर कायद्यानं मारावं लागतं. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात सापडला होता. मूल ज्याच्या नाकाशी नाक लावणार, त्याचा दाखला हातात असलेला बरा.

घोडी मेली ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी दुसऱ्या खेपेला माझी गत झाली. आठ महिने हेलपाटे घातले. शेवटी श्रावणात माण तालुक्यातल्या एका वाड्यावर एक तपकिरी घोडी पाहिली. वय चौदा, डोळ्याखाली ठसठशीत भोवरा, पाठीवर तीन पांढरे ठिपके. घरातल्या म्हातारीनं माझ्याशी भावाचं बोलणंच काढलं नाही. तिनं मुलीला विचारलं, "बाय, पडलीस तर रडशील का घोडीला मारशील?" मुलगी म्हणाली, "रडीन." म्हातारी हसली. मग मला एक अट घातली, की घोडी नकोशी झाली तर परमुलखात विकायची नाही, निरोप धाडायचा.

वर्षभर गोठ्याकडे न फिरकलेली माझी मुलगी त्या घोडीजवळ पहिले चार दिवस नुसती बसून राहिली. पाचव्या दिवशी आम्ही शेतात असताना ती आपली आपण बादली पालथी घालून वर चढली. घोडी तिला घेऊन चालली, ती थेट विहिरीपाशी पाण्याला जाऊन थांबली.

नऊ वर्षं ती आमच्याकडे होती. मुलगी कॉलेजला पुण्याला गेली, तेव्हा शब्दाप्रमाणे निरोप धाडला. म्हातारी तोवर गेली होती. तिचा नातू टेंपो घेऊन आला. पुढे त्याच्या शेजारी चार वर्षांची त्याची मुलगी बसली होती, आणि घोडी मागे चढते की नाही हे बघायला ती खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.