जोड कोणाचा?

मंडळी, शेतकऱ्याला विचारा, भांडण कुठे होतं? शेतात नाही, बांधावर. आजचा विषय यंत्रांचा आहे, पण गोष्ट तीच. यंत्राचे दोन भाग दोन वेगळ्या गटांनी आखले, तर त्यांच्यामधला जोड कागदावर कसा उतरवायचा?

आपल्या जालन्याचंच घ्या. 1900च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मनमाडला जाणारी रेल्वे इथून गेली. ती मीटरगेज, दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर. मनमाडला मुंबईकडची ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. दोन्ही मार्ग आपापल्या जागी निर्दोष. तरी मनमाडला उतारूंनी गाडी बदलायची आणि मालाचं पोतं न पोतं उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचं. 1990च्या दशकात इथले रूळ रुंद झाले, तेव्हा हे थांबलं. मग दोष कोणत्या रुळात होता? कोणत्याच नाही. तो जोडात होता.

वैशेषिकांनी हे फार पूर्वी ओळखलं. फळाचा रंग एकट्या फळात असतो. फळ आणि ताट यांचा संयोग मात्र दोहोंत मिळून राहतो. म्हणून जोड मोटरच्या ड्रॉइंगमध्ये पुरा सापडत नाही, गिअरबॉक्सच्याही नाही. त्याला स्वतंत्र कागद लागतो.

त्यात काय लिहायचं? इथल्या रोलिंग मिलमध्ये मोटर एकाची, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, असं समजा. शाफ्टचा व्यास, बैठकीपासून शाफ्टच्या मध्याची उंची, बोल्टच्या भोकांच्या जागा, फिरण्याची दिशा. प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि किती फरक चालेल ते. दोन गोष्टी हमखास राहून जातात: माप कुठून घेतलं, आणि ते बदलायचं तर सही कोणाची. सही दोघांची हवी. एकाने परस्पर बदललं की दुसऱ्याला ते जोडणीच्या दिवशीच कळतं.

पण नुसता कागद पुरतो का? 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोहोचताना नष्ट झालं. यान बांधणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, मार्ग आखणारे ते न्यूटन-सेकंद समजत होते. फरक जवळपास साडेचार पटींचा. आणि न्यूटन-सेकंदच वापरायचे, हे जोडाच्या कागदात लिहिलेलं होतं! आलेला आकडा कोणी कागदाशी ताडून पाहिला नाही.

तेव्हा कागद करा, दोघांच्या सह्या घ्या, आणि भाग एकत्र येण्याआधी दोघांनी मिळून टेप लावून बघा. बांध दोघांचा असतो. एकट्याने मोजला तर तंटा मिटत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.