संगणकावरची फुकटची वीज

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात डाळिंबाच्या बागेचे ऐन वेळी पाणी चुकले, तर हंगामाचे नुकसान होते. अशा ठिकाणी वीज व इंधन यांवाचून पंप चालविणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहून शेतकऱ्याचे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. पुरावा म्हणून आता संगणकाच्या पडद्यावरील सर्किट दाखविण्यात येते : आत १०० वॉट, बाहेर १२० वॉट. हा पुरावा कितपत ग्राह्य धरावा, हे ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सात रस्त्याचा नियम

सोलापूर शहरातील सात रस्ता चौकात तासभर वाहने मोजावीत. सर्व रस्त्यांनी मिळून जितकी आत येतील, तितकीच बाहेर पडतील. बाहेर पडणारी जास्त भरली, तर मोजणाऱ्याची चूक झाली असावी किंवा काही वाहने चौकात आधीपासून उभी असावीत. तारांच्या जोडावर विद्युत्प्रवाहाचा नियम असाच आहे. जर्मन शास्त्रज्ञ किरखॉफ यांनी तो १८४५ मध्ये मांडला. सर्किटचे गणित करणारे सॉफ्टवेअर याच नियमावर चालते. मग जादा वीज दिसते ती कोठून?

जमाखर्च कोठे चुकतो

१. पडद्यावरील बॅटरी कधीच उतरत नाही व तारा तापत नाहीत. त्यामुळे खरा खर्च व तोटा लपून राहतो.

२. कपॅसिटर आरंभीच भारित दाखविलेला असतो. ही आधीची शिल्लक नवी कमाई म्हणून मोजली जाते.

३. व्होल्ट व अँपिअर यांचे कमाल आकडे गुणले जातात. प्रत्यक्षात ते दोन्ही एकाच क्षणी कमाल नसतात, म्हणून खरी शक्ती त्या गुणाकाराहून कमी असते.

४. गणित काळाचे लहान टप्पे पाडून होते. टप्पा मोठा धरला, तर क्षणिक उसळी चुकीची मोजली जाते. टप्पा दहापट लहान करताच नफा आटला, तर तो गणिताचाच दोष समजावा.

सॉफ्टवेअर येथे खोटे बोलत नाही. जे मांडले त्याचेच ते उत्तर देते. जमिनीत जे पेरले नाही ते उगवत नाही, तसेच हे आहे.

पंपाचा हिशोब

५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३,७३० वॉट. मोटारीची कार्यक्षमता शेकडा ८० धरल्यास तिला सुमारे ४,६६० वॉट लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत केवळ १.२ युनिट वीज असते. ती कागदावरही जेमतेम पाव तास पुरते. त्याच मोटारीने जनित्र फिरवून बॅटरी भरावी म्हटले, तर दोन्ही यंत्रे शेकडा ८५ कार्यक्षम असली तरी १०० मधील ७२ च परत येतात आणि पाणी उपसण्यास काहीच उरत नाही.

ही आकांक्षा जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधील सिद्धांतशिरोमणीत पोकळ आऱ्यांत पारा भरलेले स्वयंचलित चक्र वर्णिले आहे. असे चक्र अखंड फिरविणे अद्याप कोणासही साधलेले नाही. प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार शोध ठरत नाही. पेटंटसाठी अर्ज केल्याची पावती हा तर पुरावाच नव्हे.

विसार देण्यापूर्वी

आरंभीची बॅटरी काढून घेऊन यंत्राने विहिरीवरील पंप दिवसभर चालवून दाखवावा, अशी अट घालावी. बाहेरून एकही तार आत जात नाही, याची खात्री करावी. जाणत्या वीजतंत्र्यास सोबत न्यावे. पडद्यावरील आलेख पाहून एक पैसाही देऊ नये.

सोलापुरात ऊन विपुल आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा शेकडा १०, तर अनुसूचित जाती व जमातींसाठी शेकडा ५ ठेवण्यात आला. सौर पंपाची वीज सूर्याकडून येते, तिचा उगम सर्वांना दिसतो. ज्या यंत्राच्या विजेचा उगम दाखविता येत नाही, त्यात कष्टाचा पैसा घालू नये.