घाईत गुन्हा कबूल करू नका!

जयंती आली, मोर्चा ठरला की वस्तीतली पोरे रात्री रंगाचा डबा घेऊन निघतात. सकाळी पोलीस दोघा-चौघांना उचलतात. कोर्टात कुणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो!’ पोरगा दंड भरून घरी येतो. पण त्याच्या नावावर दोषसिद्धी लागलेली असते. उद्या पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत हाच दंड त्याला आडवा येतो.

म्हणून तरुणांनो, आधी आपल्यावर लावलेले कलम वाचा. भिंत रंगवणे हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खालचा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्थानिक प्राधिकरणाची लेखी परवानगी असेल तर हा गुन्हाच होत नाही. घोषणा नेमकी कोणी लिहिली, हेही सरकार पक्षानेच शाबीत करायचे असते.

मात्र पोलीस अनेकदा त्यासोबत सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ जोडतात. तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. एस.टी.वर दगड मारला तर किमान सहा महिने सक्तमजुरी सांगितली आहे. पण या कायद्याला ‘आगळीक’ लागते, म्हणजे नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव, आणि वस्तूचे मूल्य वा उपयुक्तता घटणे. पाण्याने धुऊन निघणाऱ्या रंगाने पुलाची उपयुक्तता कशी घटली, हा प्रश्न वकिलाने विचारलाच पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढते. सरकारी मालमत्तेचे नुकसान असेल तर एक वर्षापर्यंत, वीस हजारांच्या वर दोन वर्षांपर्यंत, एक लाख वा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे पंचनाम्यातला आकडा हीच खरी मेख आहे! तो आकडा कोणी काढला, दुरुस्तीचे बिल कुठे आहे, हे विचारा.

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. त्यात अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अटक किती महागात पडू शकते, हे यावरून ध्यानात घ्यावे. गर्दीत नुसते हजर असणे हा गुन्हा नव्हे. समान उद्दिष्ट शाबीत व्हावे लागते. मोबाईलमधील चित्रफितीची प्रत पुराव्यात आणायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. अटक झालीच तर कारणे लेखी मागा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहाल, तेव्हा मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा.

आणि दोष शाबीत झालाच, तर परिविक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागा. त्याखाली सुटका झाल्यास कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दंड भरण्याच्या घाईत हा अर्ज कुणी करतच नाही.

प्रत्येक वस्तीने एका वकिलाचा नंबर विहारात लावून ठेवावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अनुसूचित जातींना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो वापरा!