कारागिराला सुट्टी कोण देणार?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की सेलूच्या बाजारात शिलाई मशीन रात्री दोनलाही थांबत नाही. गिऱ्हाईक ओळखीचे, नाही कसे म्हणायचे? मग चांदरातीला कपडे अर्धवट राहतात, भांडणे होतात, आणि घरच्या मुलांचे कुर्ते कापलेलेच नसतात.

1948 च्या राज्य कायद्याने दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद सक्तीचा होता. 2017 च्या कायद्याने वर्षभर दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. दहा वा अधिक नोकर असलेल्या दुकानांत नोकराची साप्ताहिक सुट्टी मात्र राखली. जो स्वतःच मालक आणि स्वतःच कारागीर, त्याच्या सुट्टीचा कायदा नाही. त्याची हद्द त्यालाच आखावी लागते.

आम्ही सुचवतो की आपल्या हातून दिवसाला किती नग निघतात ते आधी वहीत मोजावे. चार निघत असतील तर पंधरा दिवसांचे साठ. पण घ्यावेत पन्नासच. वीज जाते, डोळे दुखतात, अंगात कणकण येते. कापड घेण्याची शेवटची तारीख पाटीवर लिहावी. पहिल्या वर्षी दोन-चार गिऱ्हाईके रागावून दुसरीकडे जातील, हे खरेच. पण जुम्याच्या नमाजसाठी आपण दुकान बंद करतो, तेव्हा कोण रागावते? ती वेळ सर्वांना ठाऊक असते.

आणि वहीत पहिले माप घरच्या मुलांचे लिहावे.